झिंकवर आळ

दिपमालाच्या मक्याच्या चार ओळी जळाल्या आणि साऱ्या घराने फवारलेल्या झिंकला गुन्हेगार ठरवून टाकलं. थोरला दीर प्रेमराज तर पारोळ्याच्या बाजारापर्यंत सांगत सुटला, "पानेसले औषध पाजस का कोनी?"

मक्याच्या कोवळ्या पानांवर पांढरट पट्टे पडले होते. झिंक कमी पडलंय, पानांवर फवारा, दाणा भरेल, असं कृषी सहायकाने सांगितलं. दिपमालाने सासऱ्यांच्या, तोतारामआबांच्या मागे लागून परवानगी मिळवली. चार ओळींवर एक पंप फवारला आणि वारा सुटला म्हणून थांबली. आठवड्याभरात त्या ओळी माना टाकून बसल्या. आता आबा उरलेल्या शेताला हात लावू देईनात, आणि फवारणीचे दिवस तर हातातून निघून चालले होते.

त्या दिवशी चारा घेऊन येताना ती बांधावर थबकली. बांधावरचं गवतही तसंच पिवळं पडून सुकलं होतं. त्याला कुणी झिंक मारलं होतं? तिच्या फवारणीच्या आदल्याच दिवशी प्रेमराजने तिथे तणनाशक मारलं होतं, घरातल्या त्याच एकुलत्या एका पंपाने. म्हणजे पंप न धुताच खुंटीला अडकवला आणि वर गावभर तिचंच हसं केलं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या सकाळीही तो दुसऱ्या बांधावर फवारून आला होता. तिने घरी येऊन खुंटीवरचा पंप हलवला. तळाशी औषध डचमळलं.

आबा ओट्यावर होते, प्रेमराज चहा पीत होता. थोरल्या दिरासमोर आजवर तिने आवाज चढवला नव्हता. आज चढवला.

"भाऊ, पंप धुयेल शे का?"

"हा, धुयेल शे ना! मी कधी तसाच ठेवस का?"

तिने पंप खुंटीवरून उतरवला. पंपात बादलीभर पाणी ओतलं, दांडा हाणला आणि नळी अंगणातल्या मिरच्यांवर रोखली. त्या मिरच्या प्रेमराजच्या लाडक्या. पोरांनाही तो तिकडे फिरकू देत नसे.

कप फेकून तो धावला. "मारू नको! त्यामा गवतनं औषध शे!"

 मक्यावरही हेच गेलं होतं, हे आबांना कळलं आणि ते प्रेमराजकडे वळले.

"परमा, पंप धुई टाक. आत्तेच, मन्हा समोर." मग त्यांचा आवाज खाली आला. "दिपा, सारा बठ्ठा मका तुना हातमा. हाऊ परमाच फवारी दी."

"नको आबा," दिपमाला म्हणाली. "त्यासले पंप धुऊ द्या. फवारसू मीच."