म्हातारपणाचं आब्मेल्डुंग

जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये गणेशोत्सवातही इतकी गर्दी नव्हती. त्या रविवारी खुर्च्या संपल्या आणि लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले. समोर कुंदाताई सगळ्यांदेखत बारा वर्षांनी तरुण होत होत्या.

पहिला आकडा ६३ आला होता. कुंदाताई अठ्ठावन्नच्या, त्यामुळे त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी दोन्ही तळवे काचेच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवले, डोळे मिटून वीस श्वास मोजले आणि ओल्या हातांनी यंत्रावरच्या दोन तांब्याच्या पट्ट्या पुन्हा धरल्या. पडद्यावर हिरवा आकडा उमटला: ५१.

टाळ्या झाल्या. "गुडघासुद्धा हलका वाटतोय," कुंदाताई म्हणाल्या. पाण्यात त्यांनी फक्त हात घातले होते.

यंत्राचे मालक दिनकरजी. पूर्वी गिअरबॉक्सचे इंजिनिअर, आता 'पेशी-साधक'. पांढरा कुर्ता, वर फ्लीसचं जाकीट, आणि बोलणं अर्धं प्रवचन, अर्धं सरकारी कचेरी.

"गाव सोडताना आपण काय करतो? राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन आब्मेल्डुंग करतो. इथली नोंद रद्द. गेनाऊ, अगदी बरोबर. तशी प्रत्येक पेशीत म्हातारपणाची एक नोंद असते. ती रद्द केली नाहीत, तर म्हातारपण तुमच्याच पत्त्यावर येत राहणार. हे जल ती नोंद रद्द करतं. आणि पेशी खोटं बोलत नाहीत. माणूस वय लपवेल, पेशी लपवणार नाही."

मी मागे उभी राहून कागदी कपावर आकडे लिहीत होते. खोडच आहे मला. कायझर्सलाउटर्नच्या एका प्रयोगशाळेत मी म्हातारपणावर काम करते, म्हणजे मिलिमीटरभर लांबीचे कृमी म्हातारे होताना पाहते. ते जेमतेम तीन आठवडे जगतात. एखादं जनुक बदललं तर दुप्पटही जगतात. माणसाच्या बाबतीत हे अजून कुणाला जमलेलं नाही. संध्यामावशी माझी ओळख "ही स्वानंदी, किडे मोजते" अशी करून देते.

शेवटी मावशीचे सासरे, आत्मारामआजोबा, यंत्रापुढे बसले. सांगलीचे निवृत्त पोस्टमास्तर, तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. दिनकरजींनी पासपोर्ट पाहून त्यांचा फॉर्म भरला, तळव्यांना सगळ्यांसारखीच पांढरी 'शोधन-भुकटी' चोळली. वय शहात्तर. पहिला आकडा ८१. जलानंतर ६९.

गर्दी पांगताना मी भांड्यात बोट बुडवून चाखलं. कोशिंबिरीला पुरेल इतकं मीठ होतं.

पुढच्या शनिवारी मी मावशीकडे गेले, तेव्हा ती आजोबांच्या गोळ्यांची डबी हातात धरून उभी होती. सात वारांचे सात कप्पे असलेली डबी.

"बाबा, सोमवारपासून एकही गोळी घेतली नाहीत तुम्ही."

"बरोबर," आजोबा म्हणाले. "रक्तदाबाची गोळी मला कितव्या वर्षी सुरू झाली?"

"सत्तराव्या."

"मी आता एकोणसत्तरचा. म्हणजे ती अजून सुरूच व्हायची आहे."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळला. १८२ वर १०४. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं, तेच. आजोबांच्या थोरल्या भावाची उजवी बाजू अशाच वाढलेल्या दाबाने लुळी पडली होती, आणि त्याला दोन वर्षं घास भरवणारे आजोबाच होते.

"तुझं यंत्र बिघडलंय," ते म्हणाले.

मी पिशवीतून तो कागदी कप काढून पुढे ठेवला. "सतरा माणसं, आजोबा. प्रत्येकाचं आधी पाच वर्षांनी वाढलं, मग बारा वर्षांनी उतरलं. सतराच्या सतरा जणांचं."

"म्हणजे पद्धत पक्की आहे."

"सतरा माणसांच्या चपलांच्या मापातसुद्धा एवढी शिस्त नसते. यंत्र फॉर्मवरच्या वयात आधी पाच मिळवतं, नंतर त्याच वयातून सात वजा करतं. बाकी काही नाही."

आजोबा कप फिरवून पाहत राहिले. मग म्हणाले, "फॉर्मवरच्या वयात?"

"पासपोर्टवरच्या."

"ती तारीख माझी नाही, बाळ. हेडमास्तरांची आहे."

मावशी खुर्ची ओढून बसली. लग्नाला वीस वर्षं झाली तरी हे तिला माहीत नव्हतं.

"थोरल्या अण्णांबरोबर मलाही शाळेत नेऊन बसवलं. वय भरत नव्हतं. हेडमास्तरांनी एक जून एकोणपन्नास लावून टाकली. आमच्या वर्गात एकवीस जणांचा वाढदिवस एक जूनला. मी खरा एक्कावन्नच्या दिवाळीतला." त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे आत्ता मी त्र्याहत्तरचा. पेशींना हे माहीत असायला हवं होतं."

"हवं होतं."

"उद्या विचारू त्यांना."

ती रात्रीची गोळी त्यांनी घेतली. "पुरावा मिळेपर्यंत," म्हणाले.

रविवारी हॉल पुन्हा भरला. आजोबा सगळ्यात आधी पुढे गेले. "दिनकरजी, फॉर्मात माझी जन्मतारीख चुकली होती. पासपोर्टात चुकीची आहे. खरी घाला."

दिनकरजींनी हसत घातली. भुकटी, ७८. जल, ६६.

"बघा," दिनकरजी हॉलकडे वळले, "एका आठवड्यात आणखी तीन वर्षं गळाली."

"गळाली नाहीत, मी कागदावरून काढली," आजोबा म्हणाले. "हात तेच, पाणी तेच. तारीख तेवढी बदलली. पेशी खोटं बोलत नाहीत म्हणालात. मग माझ्या पेशींना गेल्या रविवारी हेडमास्तरांची तारीख कुणी कळवली?"

खिडकीत कुणीतरी हसलं. दिनकरजी म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं की, मनाचा विश्वास पेशींपर्यंत पोचतो. तुम्ही शहात्तर मानलंत, त्यांनीही मानलं."

"मग ज्याला मनच नाही असं काहीतरी मोजू." आजोबांनी मावशीच्या पिशवीतून काकडी काढली. "जन्म एक जून एकोणपन्नास. माझाच जुना फॉर्म लावा."

"काकडीसुद्धा सजीव आहे," दिनकरजी म्हणाले.

"सजीव आहे हो. पण काल बाजारातून आणलीय."

हात मागे घेणं आता दिनकरजींना अवघड होतं; सगळा हॉल उभा राहून पाहत होता. मी काकडीला भुकटी चोळून ती दोन्ही पट्ट्यांवर आडवी ठेवली. ८१. मग ती जलात बुडवली, वीस श्वास कुंदाताईंनी मोजले, आणि ओली काकडी पुन्हा पट्ट्यांवर ठेवली. ६९.

"बरोबर माझ्याच वयाची," आजोबा मला म्हणाले.

मग मी सांगितलं ते एवढंच. दोन पट्ट्यांमधून अगदी बारीक वीज जाते. कोरड्या भुकटीतून ती नीट जात नाही, तेव्हा यंत्र फॉर्मवरच्या वयात पाच मिळवतं. मिठाच्या पाण्यातून ती सहज जाते, तेव्हा सात वजा करतं. शरीराचं वय मोजण्याचे खरे प्रयत्न चालू आहेत. रक्तातल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा वाचतात, त्याला दिवस लागतात, आणि तरीही एका माणसाबाबत काही वर्षांची चूक राहते. जे लोक हे काम करतात ते ती चूक आकड्याशेजारी छापतात.

दिनकरजींना म्युनिकच्या शिबिराची गाडी गाठायची होती. भांडं त्यांनी खिडकीतल्या कुंडीत ओतलं. कुंदाताई गुडघा धरून खाली बसल्या. "आता पुन्हा दुखतोय मेला," म्हणाल्या, आणि मग स्वतःच हसल्या. सोमवारी त्यांनी डॉक्टरची वेळ घेतली.

घरी आल्यावर आजोबांनी डबीतला रविवारचा कप्पा उघडला. "हेडमास्तरांनी मला अडीच वर्षं वाढवून दिली, या पेशी-साधकानं सात कमी केली. रक्तदाबाला दोघांपैकी एकानेही विचारलं नाही." आणि गोळी घेतली.

आमच्या प्रयोगशाळेत कृमींच्या बशांवरची नावं चिकटपट्टीने झाकतात. कुठल्या बशीत औषध आहे, हे मोजणाऱ्याला कळू देत नाहीत. आम्ही लबाड आहोत म्हणून नव्हे. डोळ्यांना हवं तेच दिसतं म्हणून. तुम्हीही एवढंच करा. कुणी तुमचं वय, आजार किंवा भविष्य ओळखून दाखवतो म्हणाला, तर आधी आपला फॉर्म कोरा ठेवा. तुम्ही न सांगितलेलं त्याला काय कळतं ते पाहा. तोवर डॉक्टरांची गोळी बंद करू नका. आणि शक्य असेल तर सोबत एक काकडी न्या.