बुडबुड्यांच्या मागून

"आपले बुडबुडे वर जाताना दिसतात ना, त्यांच्या पुढे जायचं नाही. मागून यायचं," झुवेनाबाई होडीत बसून सांगत होत्या. आमच्या पेंबा बेटावर बाई बुडी मारायला शिकवणार म्हणून आधी मीच खिदळलो होतो. आता त्यांच्यासमोर मुकाट बसलो होतो. डायव्हिंगच्या अ‍ॅडव्हान्स कोर्समधली माझी पहिली रात्रीची बुडी होती.

"आणि घाई केली तर?"

"सोड्याची बाटली उघडावी तसं रक्त फसफसतं. आधी पाय जातात, मग माणूस."

"वर होडीत बसलेल्यानं दोरीनं ओढलं तर?"

"मग वरच्यानंच मारला म्हणायचा," त्या हसल्या. "का रे शामे, कुणाला ओढायचंय?"

मी मास्क धुवायला होडीच्या काठावरून वाकलो.

माझा थोरला भाऊ कोंबो समुद्रकाकड्या, म्हणजे तळाशी पडून असलेले काकडीसारखे मऊ जीव, विकायला काढायला खोल उतरायचा, तोंडात नुसती होडीतल्या पंपाची हवेची नळी धरून. त्याच्या कमरेची दोरी होडीत माझ्या हातात असायची. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी अंधारून आलं, मी घाबरलो आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याला वर ओढलं. "बरं झालं, लवकर ओढलंस," तो म्हणाला. अर्ध्या तासात त्याचे पाय गेले, पहाटे तोही गेला. समुद्रातल्या जिनानं धरलं, असं गावानं ठरवलं. त्याच्या तावडीतून भावाला ओढून आणलं म्हणून माझ्या मनगटांचं कौतुक झालं आणि मी ते करून घेतलं.

खाली गेल्यावर आम्ही दिवे विझवले. हात हलवला की पाणी चमकायचं, थांबवला की काळोख. परतताना, रक्त फसफसू नये म्हणून, पाच मीटर खोलीवर दोरी धरून तीन मिनिटं थांबलो. कोंबोला याहून कितीतरी जास्त थांबायला हवं होतं, मी त्याला एक क्षण दिला नव्हता. माझ्या पायांखाली तीच दोरी धरून तो थांबला होता. भास म्हणा हवं तर, मला त्याचं वजन दोरीत कळत होतं. तो पुन्हा "बरं झालं" म्हणेल, या भीतीनं मी खाली पाहिलं नाही. आईला सगळं सांगायचं, हे तिथेच ठरवलं.

घरी आई जागीच होती. तिनं दोरी आवळून सोलवटलेले माझे तळवे पाहिले आणि खोबरेल घेऊन बसली.

"जिन दिसला का रे?"

"तिथे जिन नाही, आई. कोंबोला मी फार जोरात ओढलं. त्यानंच तो गेला."

तिचा हात थांबला नाही.

"जोरात ओढलंस म्हणूनच घरी आला, पोरा. नाहीतर मला मातीसुद्धा देता आली नसती," ती म्हणाली आणि माझा दुसरा तळवा हातात घेतला.

मी तो तिला दिला. पुन्हा सांगायची हिंमत मला झाली नाही.