विमानाला लागलेला गोटा

पोरांना विमान दाखवायची कवडूला फार हौस. स्वतः त्यानं आयुष्यात दोनदा विमान पाहिलं होतं, पण तोरा असा की जणू त्यानंच ते उडवलं असावं. दिवाळीच्या सुट्टीत बिरसीच्या धावपट्टीवर एक लहान विमान उतरणार, असं तिथल्या चौकीदार दुधरामनं सांगितलं मात्र, कवडूनं धान राखायला बसलेली पोरं शेताच्या बांधीतूनच उठवली. त्यांत त्याची नात प्रेमिला होती, आणि त्याच्याच शेतात मजुरीला येणाऱ्या देवकाबाईची रुख्माही. दोघीही नऊ वर्षांच्या. पाखरं हाकायच्या गोफणी दोघींच्या गळ्यात तशाच राहिल्या, आणि म्हाताऱ्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी केलेली ती पट्टी आता बहुतेक गुरांच्याच कामाची होती. पोरं कडेच्या गवतात बसली.

"गप बसून राह्या. ते आपल्याले खाऊन नाही राहिलं," कवडूनं दम भरला.

घरघर आली. घारीएवढं दिसणारं विमान बघता बघता बैलगाडीहून मोठं झालं आणि थेट डोक्यावरून खाली येऊ लागलं. गवत आडवं झालं, पोरांनी कान झाकले. आणि प्रेमिला, महिनाभर धानावर काही उतरलं की उठणारी प्रेमिला, सवयीनं उठली, गोफणीत गोटा घालून ती गरकन फिरवली आणि सोडली.

टण्ण!

सरकारी विमानाला गोटा! सरकारी जंगलातली दोन झाडं तोडली म्हणून ठाण्यात नेलेला उदाराम कवडूला आठवला. परत आला तेव्हा त्याला धड चालता येत नव्हतं. आता प्रेमिलेला नेतील, हा एकच विचार कवडूच्या डोक्यात राहिला.

विमान थांबलं. खाकी कपड्यातला वैमानिक उतरला, पंखाखाली हात फिरवून त्यानं पोचा चाचपला आणि ताडताड पोरांकडे आला. मागून दुधराम धावत होता, तोंडचं पाणी पळालेला.

"पत्थर किसने मारा?"

लेकराची चूक झाली साहेब, मला न्या, असं म्हणायचं कवडूनं ठरवलं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं. पण वर उठला तो त्याचा हात, आणि बोट गेलं रुख्माकडे.

तो स्वतःच त्या बोटाकडे बघत राहिला. हे आपलं बोट? ज्या लेकराला आपण राखणीसाठी त्याच्या आईजवळून मागून आणलं, त्याच्यावर? ते मागं घेता आलं असतं. मेल्यानं घेतलं नाही.

रुख्मा रडली नाही. तिनं आधी बोटाकडे पाहिलं, मग कवडूकडे. वैमानिक तिच्यापुढे उकिडवा बसला. तिच्या गळ्यातली गोफण त्यानं हातात घेऊन निरखली आणि एकदम खो खो हसत सुटला.

"इतनी सी लड़की! और उड़ता जहाज! क्या निशाना है रे तेरा!"

त्यानं तिला उचललं आणि नेऊन चक्क विमानात आपल्या जागेवर बसवलं. पोरं आ वासून बघत राहिली. कवडूला सुटल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यात प्रेमिलेनं भोकाड पसरलं.

"गोटा मीनं मारला! तिनं नाही मारला! आबाजी खोटं बोलून राहिले! मले बसवा!"

वैमानिकाचं हसू मावळलं. त्यानं पांढऱ्या मिशांच्या त्या म्हाताऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कवडूला वाटलं. रुख्माला वैमानिकानं हलकेच खाली उतरवलं आणि तो पंखाकडे निघून गेला.

परतताना बाकीची पोरं नुसती कलकलत होती. बांधावर रुख्मा मागं थांबली. कवडू जवळ आल्यावर तिनं विचारलं,

"आबाजी, त्यानं मले मारलं असतं तं?"

"नसतं मारलं वं बाई. साहेब भला माणूस होता."

"हे तुमाले तवा मालूम होतं?"

कवडू खाली वाकून धोतराला चिकटलेली कुसळं काढू लागला. रुख्मा बांधावरून पुढं निघून गेली. प्रेमिला मात्र, घरी चला म्हणून, कवडूच्या, रुख्माकडे उठलेल्या त्याच हाताला हिसके देत होती.