निळ्यावर हिरवं

"भावोजी, आज कापायचाच," म्हणत मेहुणीने करवत टेबलावर आपटली.

"हात तर लावून बघ!" फ्रीजरच्या झाकणावर कोपर रोवून तो उभा राहिला.

आत बर्फाचा घुमट होता, परातीएवढा. त्याच्या बायकोने जाण्याआधी केलेला शेवटचा. गुरूच्या एका बर्फाळ चंद्रावर असेच घुमट आहेत, डोंगराएवढे. ती म्हणायची, तिथल्या ज्वालामुखीतून आगीऐवजी खारं पाणी सांडतं आणि थरावर थर गोठतो. तो म्हणायचा, पाणी बाहेर येतच नाही, खालूनच बर्फ फुगवतं. यावरून दोघं लग्नाआधीपासून भांडत होती. दवाखान्याच्या खाटेवरूनही तिने त्याला ठोंब्या म्हटलं होतं.

या घुमटात तिने खालच्या नळीतून पंपाने आधी निळं पाणी सोडलं, मग हिरवं. हिरवं वर निघालं तर ती खरी, खाली निघालं तर तो. वर पांढरं हिम धरल्याने बाहेरून काही कळत नव्हतं.

"ताईचा लेख याच्यावाचून अडलाय," मेहुणी म्हणाली.

"अडू दे. तुला काय जातंय बोलायला!"

"माझी बहीण गेली, भावोजी. अजून काय जायला हवं?"

त्याने झाकणावरचं कोपर काढलं. राग मात्र उतरला नाही. कापला की भांडण संपणार. जिंकून सांगायचं कोणाला?

"निदान बघा तरी त्याच्याकडे," ती म्हणाली.

त्याने तिरमिरीत झाकण उघडलं. घुमट खचला होता. हिम पार उडून गेलं होतं आणि माथ्यावर निळं दिसत होतं. कोरड्या थंडीत बर्फ न वितळताही झिजतो, हे तो वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आला होता. आणि स्वतः जपायला म्हणून फ्रीजरमध्ये ठेवून बसला होता!

"गाढव! अक्कलशून्य गाढव!" तो स्वतःवरच ओरडला आणि करवत हिसकावून घेतली.

घुमट दुभंगला. वर निळं, पोटात हिरवं.

"तुम्ही जिंकलात," मेहुणी हळूच म्हणाली.

"बोल ना आता!" तो बायकोच्या मोकळ्या खुर्चीवर खेकसला. "एरवी तोंडाला खळ नसायची!"

मेहुणीने डोळे पुसले. मग अगदी बहिणीच्या ठेक्यात म्हणाली, "वरचं हिरवं तुमच्या फ्रीजरने खाल्लं, त्याचं काय? माझं चुकलं म्हणे! हॅ!"

त्याने करवत खाली ठेवली. बरोबर हेच म्हणाली असती बायको. आणि मुद्दा खोडण्यासारखा नव्हता.

"मरून गेली तरी हट्ट सोडत नाही!" त्याने बाह्या सरसावल्या. "मीठ आण. दोन्ही रंग आण. नवा करू, आणि गोठला की तिथल्या तिथे कापू. बघतोच हिच्याकडे!"

आणि त्याने दणकन पंप सुरू केला.