काठावर काहीच दिसत नाही

ठमाबाईंची धानाची बांधी दर पावसाळ्यात थोडी थोडी नाल्यात जायची. नाला वैनगंगेला मिळतो. पुढं त्या मातीचं काय होतं याची चौकशी करायला ठमाबाईंना फुरसत नव्हती. त्यांना फक्त घट कळायची. तीन वर्षांत बांधीच्या कडेचे दोन धुरे, म्हणजे मातीचे बांध, गेले होते.

मग एका जूनमध्ये गावानं हट्ट धरला आणि सरकारी योजनेतून काठाचं काम झालं. सिमेंट नाही, लोखंड नाही. बांबूच्या कामट्या विणून काठाला कुडासारखी भिंत घातली, मधेमधे निरगुडीच्या ओल्या फांद्यांच्या मेखा ठोकल्या, मागं माती दाबली. ओल्या फांदीला मुळं फुटतात आणि मुळं माती धरतात, एवढी साधी गोष्ट. योजनेच्या कागदावर तिला अडीच पानं लागली होती. बकऱ्या निरगुडीला तोंड लावत नाहीत हे त्यात नव्हतं. ते शेजारच्या सोनीबाईंनी सांगितलं. काम ठमाबाईंच्या बांधीच्या अलीकडेच संपलं. बांधीचा काठ दुसऱ्या टप्प्यात होता.

वर्षभरात निरगुडी छातीला लागली. पुरात तेवढा काठ जागचा हलला नाही. ठमाबाईंचा मात्र तिसरा धुरा गेला.

पुढच्या जूनला अभियंता धम्मदीप पाहणीला आला. पोरगा भला होता. फोन धरून काठानं दोनदा फिरला आणि दगडावर बसला. फोटोत काम येत नाही, झुडपं येतात, म्हणाला. वरच्या साहेबांना मेखा मोजता आल्या पाहिजेत. नाहीतर पहिला टप्पा पूर्ण धरत नाहीत, आणि पहिला पूर्ण नसला की दुसऱ्याला मंजुरी नाही.

"म्हणजे झाडं वाढले म्हणून काम झालं नाई?" ठमाबाईंनी विचारलं.

"झालं ना बाई. दिसून नाई राह्यलं."

"वाळले असते तं?"

"मंग दिसलं असतं," धम्मदीप प्रामाणिकपणे म्हणाला.

भांडायचं तर कंबर साथ देत नव्हती. मुळं काढायची का, एवढंच त्यांनी विचारून घेतलं. कागदात मुळांचा उल्लेख नव्हता. मग ठमाबाई आणि सोनीबाईंनी कोयते घेतले आणि संध्याकाळपर्यंत सगळी निरगुडी गुडघ्याखाली छाटली. काठ भुंडा झाला, मेखा उघड्या पडल्या. फोटो सुरेख आले. अगदी काम झाल्यासारखे.

धम्मदीप गेला. छाटलेल्या फांद्यांचा ढीग राहिला. ठमाबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत बसल्या, मग कण्हत उठल्या. मंजुरी येईपर्यंत पाऊस थांबणार नव्हता. दुसऱ्या दिवशी दोघींनी घरच्या बांबूच्या कामट्या काढल्या आणि त्याच फांद्या बांधीच्या काठावर ठोकल्या. चार दिवस लागले. ऑगस्टच्या पुरात सात मेखा वाहून गेल्या. धुरा राहिला.

दिवाळीनंतर धम्मदीप मंजुरी घेऊन आला. काठ हिरवा बघून त्याचा चेहरा पडला. मंजुरीत काम मोकळ्या काठावर करायचं लिहिलं होतं.

"बाई, इथी तं जागाच नाई."

छाटायला अजून एकदा कोयता उचलायचा, या विचारानंच ठमाबाईंचे खांदे दुखले. त्यांनी खाली, सोनीबाईंच्या बांधीकडे बोट केलं. तिथं काठ नुसता उघडा होता.

"तिकडं ने."

"कागदावर तुमचा काठ हाय."

"कागद दुरुस्त करून आण, बाबू. मी इथंच बसून हावो."

धम्मदीपनं कागद घडी करून खिशात घातला. ब्रह्मपुरीच्या कचेरीकडे जाणारी शेवटची जीप सहाला होती.