पेटिंगिल आजोबांची तसबीर

नाटे गावच्या विठू सारंगाला होरेस पेटिंगिलचं चरित्र तोंडपाठ होतं. आता हा पेटिंगिल कोण, म्हणाल, तर शंभर वर्षांमागे अमेरिकेत होऊन गेलेला एक बँकवाला. विठूच्या ओटीवर त्याची तसबीर होती. हातभर उंच, सोनेरी चौकट, गालांवर पांढरे कल्ले, आणि नजर अशी की समोरच्याने आपोआप सदऱ्याची बटणं लावावीत. विठूची बायको मालन दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालायची. वाडीतली पोरं त्याला पेटिंगिल आजोबाच म्हणत.

आणि विठू सांगायचाही काय झोकात! पेटिंगिल बूट शिवणाऱ्याचा मुलगा. एका दुकानात झाडू मारता मारता हिशेब शिकला, बँक काढली, पुढे राज्याचा खजिनदार झाला. मग एका वर्षी देशभर बँका बुडाल्या, त्यात ह्याचीही बुडाली. बाकीचे बँकवाले मागच्या दाराने पसार झाले. "आणि आमचे आजोबा?" इथे विठू मांडीवर थाप मारायचा. "पुढच्या दाराच्या पायरीवर उभे! म्हणाले, बँक बुडली, चूक माझी, माझं घर विका." घर गेलं, खजिनदारी गेली, पण लोकांची पै न् पै फिटली. तसबीर कुणी दिली, असं कुणी विचारलंच, तर विठू म्हणायचा, "त्यांच्या नातीने. माझ्या सेवेवर खूश होऊन."

थापा! सेवाबिवा काही नाही. खरं काय ते एकट्या विठूला माहीत होतं, आणि चोवीस वर्षं ते त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं.

एकसष्ट साली विठू बोटीवर खलाशी असताना त्याला कावीळ झाली. बोट त्याला अमेरिकेत, बाल्टिमोरला टाकून पुढे गेली. इस्पितळातून सुटल्यावर बोटकंपनीच्या एजंटाने त्याला एका म्हातारीच्या घरी खोली करून दिली. सत्तरीची बाई, एकटीच. हा भात खातो असं कळल्यावर बिचारीने आयुष्यात पहिल्यांदा भात रांधला. खळ झाली त्याची! तरी रोज रांधत राहिली, आणि अठराव्या दिवशी शितं मोकळी झाली तेव्हा टाळ्या वाजवून हसली. तिच्या जिन्यात ही तसबीर होती. रोज संध्याकाळी त्या जिन्यावर बसून, विठूला समजेल अशा सावकाश इंग्रजीत, तिने आपल्या आजोबांची गोष्ट त्याला सांगितली.

परतीची बोट मिळाली आणि विठूला पेटीची काळजी लागली. बोटीवरचा माणूस घरी आला की पेटी उघडताना बघायला अख्खी वाडी जमते. कुणी ट्रान्झिस्टर काढतो, कुणी नायलॉनची साडी. विठूचा पगार आजारपणात कापलेला. पेटीत दोन सदरे आणि औषधाची बाटली. निघायच्या सकाळी म्हातारी त्याच्या शिदोरीसाठी पाव आणायला बाहेर पडली. विठूने तसबीर उतरवली, चादरीत गुंडाळली, आणि पाव यायच्या आत मागच्या दाराने निघाला.

पंच्याऐंशी साली गावाने पतपेढी काढली. अध्यक्ष कोण? दादू मास्तर म्हणाले, "विठूतात्यांशिवाय कोण? ज्याच्या घरात असला माणूस, त्याच्यावर भरवसा नाय ठेवायचा तर कुणावर?" विठू "मला नको, मला नको" म्हणत राहिला. लोकांना तो विनय वाटला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

दसऱ्याच्या सकाळी पतपेढी उघडली. लक्ष्मीच्या शेजारी पेटिंगिल आजोबा लागले. पहिलं खातं मासे विकणाऱ्या सोनूबाईचं. पंच्याहत्तर वर्षांची विधवा, जन्मात कुणाच्या हातात दमडी न ठेवलेली. तिने कनवटीची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली आणि तसबिरीला हात जोडले.

"विठू, ह्या बाबाकडे बघून देतंय हां. तुझ्याकडे बघून नाय."

सगळे हसले. विठूचा हात पुरचुंडीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. वर बघायची हिंमत होईना. कुठल्या तोंडाने बघणार?

"सोनूबाय, ठेव ते तुझ्याकडं." तो उभा राहिला. "ही तसबीर मला कुणी दिलेली नाय. मी चोरली."

"तात्या, चांगल्या दिवशी मस्करी कसली?" दादू मास्तर म्हणाले.

"मस्करी नाय, मास्तर." आणि त्याने सगळं सांगितलं. कावीळ, भात, जिना, मागचं दार. काही राखून ठेवलं नाही. मालनने तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं चोरीच्या मालाला हार घातले होते तिने.

विठू खुर्चीपासून बाजूला झाला. कान तापले होते. तरी मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटत होतं, आता कुणीतरी म्हणेल, हा पण पायरीवर उभा राहिला, आजोबांसारखा. तेवढा हावरटपणा अजून शिल्लक होता बघा त्याच्यात.

तसं कुणी म्हणालं नाही. सोनूबाईने पुरचुंडी पुन्हा कनवटीला लावली.

"ज्याचं त्याला परत पाठव," ती म्हणाली. "मास्तर पत्र लिहितील. नाव काय रे त्या म्हातारीचं?"

मास्तरांनी पेन उघडलं.

विठूने तोंड उघडलं. पेटिंगिलच्या बापाचं नाव त्याला ठाऊक होतं. बायकोचं ठाऊक होतं, बँक बुडाली तो महिनासुद्धा ठाऊक होता. म्हातारीचे हात आठवले, खळ झालेला भात आठवला, टाळ्या आठवल्या. नाव काही येईना. चोवीस वर्षांत त्याने ते एकदाही उच्चारलं नव्हतं.

"अठरा दिवस जेवलास ना रे तिच्या हातचं?" सोनूबाई म्हणाली.

मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं.