दुसरा रांजण

"मंडप एक, घोषणा एक, मग पाण्याचे रांजण दोन कशाला?"

प्रश्न साधाच होता. तो विचारायचा कुणी, एवढाच सातवीतल्या तिघी मैत्रिणींना घोर होता. तानू म्हणाली, शांतम्मानं विचारावा. कमल म्हणाली, शांतम्माशिवाय आहेच कोण? आणि शांतम्मा म्हणाली, "मीच का म्हणून?"

"घोषणा द्यायला लागलीस की गंगेपल्याडची गुरं उठून बसायलीत, म्हणून," तानू म्हणाली. "इच्यारलंस तर माझी काचेची दौत तुझी. न्हाई इच्यारलंस तर आजपासून तुझं नाव भागूबाई."

शांतम्माच्या आईचंच नाव भागम्मा. त्यामुळं हा टोमणा तिला जरा जास्तच झोंबला.

गंगाखेडात परिषदेचं दोन दिवसांचं अधिवेशन भरलं होतं. निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायची तरी सरकारची परवानगी लागे. ती दोनदा नाकारून एकदाची मिळाली होती, म्हणून गाव लग्नघर असल्यासारखं सजलं होतं. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी कडब्याचा मंडप पडला होता. झरीहून, राणीसावरगावाहून माणसं बैलगाड्या जुंपून आली होती, परभणीची मंडळी आगगाडीनं. सातवीच्या पोरी स्वयंसेविका झाल्या होत्या आणि दंडाला केशरी फीत बांधून उगीचच इकडून तिकडं पळत होत्या.

भुसार दुकानवाल्या ईश्वरअप्पांची ही शांतम्मा, मागच्या वर्षापर्यंत बाईंनी उत्तर विचारलं तर वेणीचं टोक चावत उभी राहायची. पण स्वागतगीताच्या तालमी सुरू झाल्या आणि पोरीला कंठ फुटला. आता तर तिला वाटायचं, आपण बोललो की जग ऐकतं. सकाळपासून तिनं किती अनोळखी बायकांना "या मावशी, इकडं बसा" म्हणून हाताला धरून आत नेलं होतं. जात नाही, गाव नाही, कुणी काही विचारत नव्हतं. एका सुपातले चुरमुरे आठ हातांनी खाल्ले होते. तानूच्या तांब्यातलं पाणी ती वरून घटाघटा प्याली होती आणि हसताना निम्मं पोलक्यावर सांडलं होतं. असं सुख तिला देवळातसुद्धा कधी लाभलं नव्हतं.

अध्यक्ष दिनकरराव "आपण सारे एका आईची लेकरं" इथवर आले होते. बायकांच्या बाजूचा पडदा शांतम्मानं सारला आणि प्रश्न विचारला.

दिनकररावांनी उपरणं सावरलं. "ही कुणाची मुलगी?"

"ईश्वरअप्पाची," मागून कुणीतरी म्हणालं.

"पोरीनं माझं भाषण मोडलं," दिनकरराव म्हणाले, "बरं केलं. आम्ही म्हाताऱ्यांनी बघूनही बघितलं नव्हतं."

दोन रांजण होते हे खरंच. एक दाराशी लिंबाच्या सावलीत, ओलं फडकं गुंडाळलेला. दुसरा कुंपणापलीकडं, बैल बांधले होते तिथं उन्हात. राणीसावरगावच्या महारवाड्यातून पायी आलेल्या माणसांसाठी तो ठेवलेला. दिनकररावांनी तो तिथल्या तिथं उपडा करायला लावला आणि त्या माणसांतल्या दगडाबाईला बोलावून सावलीतल्या रांजणाशी उभं केलं. "आजपासून सगळ्यांना पाणी तुमच्या हातचं," ते म्हणाले. टाळ्या थांबेनात. कमलनं शांतम्माला मिठी मारली. अनोळखी बायकांनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. चैत्रातलं ऊन कडब्यातून गळत होतं आणि शांतम्माला वाटत होतं, आपण जमिनीवरून चालतच नाही.

दुपारी सुट्टी झाली. बायका पाण्याला निघाल्या आणि आपोआप सगळ्यांनी शांतम्माला पुढं केलं. "तिचा मान हाय," कुणी म्हणालं, "पयलं पाणी तिला."

दगडाबाई पन्नाशीची असेल. हात धुऊन, पदर खोचून उभी होती. तिनं तांब्या बुडवला, काठोकाठ भरला आणि पुढं धरला. "घ्या बाई. सकाळपासून ओरडायलात, घसा वाळला आसंल."

घसा वाळलाच होता. शांतम्मानं ओंजळ करायला हात उचलले. ते छातीपर्यंत आले आणि तिथंच थांबले. तिनं ते थांबवले नव्हते. हात आपले आपण थांबले, जसे चुलीजवळ थांबतात.

"मला... तहान न्हाई," ती म्हणाली.

दगडाबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं, वाळलेल्या ओठांकडं बघितलं, मग गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडं बघितलं. तिचा आवाज अगदी मऊ झाला. "लिंगायताची लेक व्हय? मंग न्हाई चालत तुमाला. लिंग नसल्याल्या कुणाच्याच हातचं न्हाई चालत, बामनाच्या बी. मला ठावं हाय. ऱ्हाऊ द्या."

हे खरं होतं. अव्वाचा, तिच्या आईचा, घरात हाच नेम होता. शांतम्मानं मान हलवली, हो म्हणून. आणि मान हलवतानाच तिला मागं उभी असलेली तानू आठवली. तानूच्या गळ्यात कुठं लिंग होतं? तानूच्या तांब्यातलं पाणी शाळेत ती रोज प्यायची. आज सकाळी प्याली होती. पोलकं अजून पुरतं वाळलंही नव्हतं.

तिनं मागं वळून बघितलं. तानू तिच्याकडंच बघत होती.

मागची बाई म्हणाली, "हिलाच तहान न्हाई, तर आमाला कुठली?" आणि रांगेतून बाजूला झाली. दुसरी म्हणाली, घर जवळच आहे. तिसरीनं कारणसुद्धा दिलं नाही. आपापल्या फितीशी चाळा करत पोरीही पांगल्या. रांजणाशी दगडाबाई एकटी उरली. हातात भरलेला तांब्या. पाणी ओतून न टाकता तिनं ते सावकाश परत रांजणात सोडलं. पाणी वाया घालवायचं नसतं म्हणून.

तिसऱ्या प्रहरी व्यवस्थेतल्या किशनरावांनी बायकांच्या पडद्यामागं गुपचूप नवा रांजण आणून ठेवला. "बायकांची अडचण व्हायला नको," ते म्हणाले. "ईश्वरअप्पाच्या पोरीनंसुद्धा घेतलं नाही म्हणे." शांतम्मा पडद्याला लागूनच उभी होती. तिला सगळं ऐकू आलं. तिच्याच प्रश्नानं गेलेला रांजण तिच्याच नावानं परत आला होता. त्यातलं पाणी ती प्याली नाही. जीभ टाळूला चिकटली होती तरी नाही.

संध्याकाळच्या सभेत दिनकररावांनी पुन्हा तिचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. तिनं मान खाली घातली. बायकांना वाटलं, पोर लाजाळू आहे.

घरी निघताना तानूनं दौत पुढं केली. "घे."

"नको."

"घे की. पैज इच्यारायची होती. प्यायची न्हवती."

तानू हे चिडून म्हणाली नव्हती. म्हणूनच ते शांतम्माच्या काळजात रुतलं. दौत तिनं घेतली नाही.

घरी ईश्वरअप्पा जेवायला बसायच्या ऐवजी उंबऱ्यातच तिची वाट बघत होते. दुकानात दिवसभर लोक त्यांना मुजरे करून गेले होते. "आगं ये ये, वाघीण आली. भागम्मा, बघ तुझी लेक. अध्यक्षाला गप केलं हिनं."

"गप करायला लावलंय कुणी," भागम्मा म्हणाली. "उद्या पोलीस दुकानात आले म्हंजी?" मग तिनं लेकीचा चेहरा बघितला. "काय गं, तोंड कसं वाळलंय? पाणी कुणाचं प्यालीस तिथं?"

"कुणाचंच न्हाई."

"शहाणी गं माझी बाय," भागम्मा म्हणाली आणि पाण्याचा गडवा भरून तिच्यापुढं ठेवला. "एवढ्या गर्दीत बी नेम मोडला न्हाईस."

सबंध दिवसात टाळ्या मिळाल्या, मिठ्या मिळाल्या. पण या एका शाबासकीनं शांतम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं गडव्याला हात लावला नाही.

"अव्वा, नेम मी कवाच मोडलाय. तानूच्या तांब्यातलं मी रोज पिते. आज बी प्याले."

भागम्माचा हात पदराशी थांबला.

"दगडाबाईनी पाणी दिलं तवा मी लिंगाच्या आड लपले. त्यांनीच मला लपायला जागा दिली. आन् माझ्यामुळं समद्या बायका परत फिरल्या." तिचा आवाज आता मंडपातल्यासारखा मोठा नव्हता. "अप्पा, अव्वा, उद्या सकाळी मी परिषदेत जाणार हाय. पयलं दगडाबाईला खरं काय ते सांगणार, समद्यांच्या म्होरं. मग त्यांच्या हातचं पाणी पिणार, त्यांनी दिलं तर. आन् दुपारी जेवायला घरीच येणार. मला आत घ्यायचं का न्हाई, ते तुमी रातीतून ठरवा. मी माझं ठरवलंय."